आरशावरची चादर

प्रिय मावशी,

आईचे दिवस झाले, पाहुणे गेले, आणि मला आमच्याच घराची भीती वाटायला लागली. तिचा चष्मा, गोळ्यांची डबी, सगळं जागच्या जागी होतं, तरी पाहिलं की अंगावर काटा यायचा. कुणाला सांगावं तर ‘आता सावर’. तुम्ही तसं म्हणाला नाहीत. ‘आम्हा ज्यूंमध्ये सात दिवस आरशांवर चादर घालतात, खाली बसतात,’ एवढं सांगितलंत, आणि मग, ‘घर परकं होतंच गं, लपवायचं कशाला?’ त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी शांत झोपले.

पुढे तिशा बआवच्या संध्याकाळी तुम्ही मला ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये, तुमच्या प्रार्थनास्थळात, नेलंत. जेरुसलेमची दोन्ही मंदिरं पडली, त्याच्या दुखवट्याची ती रात्र. दिवे मंद, माणसं जमिनीवर, आणि हलक्या आवाजात ‘एखा’चं, म्हणजे बायबलमधल्या विलापगीताचं, वाचन. एखा म्हणजे ‘कसं?’ गजबजलेली नगरी अशी एकटी कशी बसली, हा पहिलाच प्रश्न.

घरी आल्यावर तुम्ही विलापगीत उघडून बोट ठेवून दाखवलंत, ते मी विसरणार नाही. पहिले चार अध्याय हिब्रूच्या २२ अक्षरांवर बांधलेले, अक्षरं क्रमाने ओळींच्या सुरुवातीला. तिसऱ्यात तर प्रत्येक अक्षराला तीन-तीन ओळी. मात्र दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंत ‘पे’ हे अक्षर नेहमीसारखं ‘आयिन’नंतर न येता त्याच्या आधी येतं. पाचव्यात ओळी २२च, पण अक्षरांचा क्रमच नाही. मला माझेच दिवस आठवले: दाखले, बँक, याद्या, सगळं क्रमाने केलं, आणि एका सकाळी चहा गाळता गाळता तो क्रम हातातून सुटला. विलापगीताची शेवटची ओळ फार कडू, म्हणून तिच्या आधीची, ‘आम्हाला परत आण’ अशी विनवणी करणारी ओळ सगळे पुन्हा मोठ्याने म्हणतात, हेही तुम्हीच सांगितलंत.

त्यानंतर मी वाचत सुटले. ज्यू विचारवंत गेरशोम शोलेमने पहिल्या महायुद्धाच्या काळात, ऐन विशीत, विलापावर लिहिलं: बोलणं जिथे संपतं आणि गप्प होणं सुरू होतं, त्या सीमेवरची ही भाषा. मनोविश्लेषक फ्रॉइडचा १९१९चा निबंधही वाचला. ओळखीचंच अचानक भयाण वाटतं, त्याला जर्मनमध्ये ‘उनहाइमलिश’ म्हणतात आणि त्या शब्दाच्या पोटात ‘हाइम’, म्हणजे घर, आहे. दोघंही थोर. पण मला ते आधी समजलं ते तुमच्या चादरीमुळे.

तुमच्याकडे जुनी माणसं तिशा बआवला बिरड्याचा सण म्हणायची ना? यंदा वाल भिजत घालाल तेव्हा फोन करा. सोलायला मी येते.

तुमची,
शेजारची लेक