डुकरं हटवताय तर उंदरांचं पण बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नासर्डीच्या काठाला आणि आमच्या वडाळा नाक्याकडे मोकाट डुकरांचा विषय परत तापलाय. सिंहस्थ 2027 तोंडावर आलाय, त्यामुळे डुकरं शहराबाहेर काढली की रोगराई संपली असं जो तो बोलतोय. काढा की, माझा काहीच विरोध नाही, पण रात्री त्याच उकिरड्यावर घुशी आणि उंदीर चरतात त्यांच्याकडे कोण बघणार?

मी पशुसंवर्धनातून रिटायर झालेला माणूस, म्हणून लोक विचारतात की डुकराचा व्हायरस उंदराला लागतो का. सगळेच नाही लागत. आफ्रिकन स्वाईन फीवर, म्हणजे डुकरांचा जीवघेणा ताप, जो 2020 मध्ये भारतात पहिल्यांदा आसाम-अरुणाचलकडे सापडला, तो उंदराला होत नाही आणि माणसालाही नाही, उंदीर फार तर पायाला घाण लावून इकडून तिकडे नेईल. औजेस्की नावाचा डुकरांचा एक व्हायरसचा रोग आहे, तो उंदराला लागतो पण उंदीर त्यात लवकर मरतो, त्यामुळे उंदराउंदरात त्याची साखळी लांबत नाही, धोका असतो तो मेलेला उंदीर डुकराने खाल्ला तर. (आणि स्वाईन फ्लूचं म्हणाल तर 2009 ची साथ माणसाकडून माणसाला गेली, रस्त्यावरच्या डुकरांवर उगाच खापर नको.)

खरी अडचण ईएमसीव्ही या व्हायरसची. लांबलचक नाव आहे, एन्सेफॅलोमायोकार्डायटिस. हा उंदरात आरामात राहतो, उंदीर वरून ठणठणीत दिसतो आणि लेंड्यांतून व्हायरस टाकत फिरतो, त्या खाद्यात पडल्या की डुकराला लागण. लहान पिल्लांच्या हृदयावर मारा होतो, दूध पिता पिता पिल्लू आडवं होतं आणि मालकाला वाटतं कोणीतरी विष घातलं. गाभण डुकरिणी गाभडतात किंवा मेलेली पिल्लं टाकतात. प्रयोगात लागण केलेल्या उंदरांसोबत धडधाकट उंदीर ठेवले तर त्यांनाही लागण झालेली आहे, म्हणजे डुकरं नसली तरी उंदीर आपसात तो चालू ठेवू शकतात. मग नुसती डुकरं हलवून काय साधणार?

पीसीव्ही-2 म्हणून डुकरांचा अजून एक व्हायरस आहे, अगदी बारका, पण वातावरणात भलताच चिवट, जंतुनाशकाला सहज दाद देत नाही. डुकरांच्या फार्मवर पकडलेल्या उंदरांत तो सापडलाय आणि लॅबमध्ये उंदरांत वाढतो हेही दिसलंय. म्हणून गोठा रिकामा करून धुतला आणि बिळं तशीच ठेवली तर नवीन आणलेल्या पिल्लांना जुनाच आजार होऊ शकतो.

उलट्या दिशेनेही जातं, म्हणजे उंदराचा व्हायरस डुकराला. हिपॅटायटिस ई म्हणजे काविळीचा एक व्हायरस, उंदरांचा त्यातला प्रकार वेगळा असतो, तो 2018 मध्ये हाँगकाँगला एका पेशंटमध्ये सापडला, आणि पुढे अमेरिकेत लॅबमध्ये डुकरांना दिला तर शेजारच्या डुकरांनाही लागला. आता घाबरून कोणी काठी घेऊन उंदरामागे धावू नका, आपल्याकडे माणसांना होणारा हिपॅटायटिस ई मुख्यतः घाण पाण्यातून येतो आणि तो माणसांचाच प्रकार आहे.

तर ज्या दिवशी डुकरं उचलाल त्याच दिवशी तिथला कचरा उचला आणि बिळं बुजवा, नाहीतर खरकटं उंदरांनाच पुरेल आणि त्यांची पैदास वाढेल. जे भाऊ वराहपालन करतात त्यांनी खाद्य झाकणाच्या ड्रममध्ये ठेवावं, हॉटेलचं खरकटं चांगलं उकळूनच घालावं, मेलेले उंदीर नाल्यात न फेकता खोल पुरावेत, उंदराचं औषध मात्र डुकराच्या तोंडाला लागेल असं ठेवू नये, तेवढं एक बघा. आणि डुकरांचे नमुने पुण्याला औंधच्या लॅबला पाठवणार असाल तर त्याच उकिरड्यावरचे चार-दोन उंदीरही सोबत तपासायला द्या.

आपला,
एक जुना वाचक, वडाळा नाका, नाशिक