आयोडीन जपणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

निओबियम डायसेलेनाइडचे, म्हणजे अतिशय थंड केल्यावर ज्याचा विद्युतरोध शून्य होतो अशा पदार्थाचे, स्फटिक अखेर वाढले. नळीच्या थंड टोकाशी आरशासारखे चकाकणारे काळसर पापुद्रे दिसले तेव्हा सर्वांत आधी आपली आठवण झाली, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे येण्याआधी मी ज्या ठिकाणी क्वार्ट्‌झच्या नळ्या सील करून घेत असे, तिथून आलेली प्रत्येक नळी भट्टीतून जशीच्या तशी बाहेर पडे. गरम टोकाची पावडर जागची हललेली नसे. विचारायला गेले की 'तुमचेच काहीतरी चुकत असेल' एवढेच उत्तर मिळे, आणि ते इतक्या सहजपणे दिले जाई की पुढे प्रयोगशाळेतही सगळे तेच म्हणू लागले. नळी हातात घेऊन पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही.

आपण मात्र नव्या कामाला हात लावण्याआधी जुनी नळी मागितलीत. ज्योत अगदी मंद करून तिचे टोक हलके शेकलेत, उजेडासमोर धरलेत आणि म्हणालात, "बाळ, यात आयोडीन नाहीच. असते तर जांभळे दिसले असते." हे पाहायला आपल्याला कोणी सांगितले नव्हते, आणि ते आपले कामही नव्हते. कित्येक महिने माझ्या माथी मारलेला दोष त्या एका वाक्याने उतरला, हे तेव्हा बोलता आले नाही. गळा दाटून आला होता.

वाफेतून स्फटिक वाढवण्याच्या या पद्धतीत आयोडीन खर्ची पडत नाही. गरम टोकाला ते घन पदार्थाशी संयोग पावून त्याला वायुरूपात उचलते, थंड टोकाला उतरवते आणि पालखी पोचवून आलेल्या भोयासारखे पुढच्या खेपेला माघारी येते. ज्वालामुखीच्या वायूंत लोहाच्या ऑक्साइडचे स्फटिक हायड्रोजन क्लोराइडच्या आधाराने असेच घडतात, हे बुन्सेन यांनी 1852 मध्येच टिपले होते. मुन्स्टरच्या हाराल्ड शेफर यांनी विसाव्या शतकात त्याचे पद्धतशीर शास्त्र उभे केले. घनसेंटिमीटरमागे काही मिलिग्रॅम आयोडीन पुरते, पण हवा काढताना टोक थंड ठेवले नाही तर तेवढेही पंपात निघून जाते. आपण ते टोक द्रव नायट्रोजनमध्ये बुडवल्याशिवाय पंप सुरूच केला नाहीत. सील झालेली नळी अल्कोहोलने पुसून घेतलीत आणि आपले सुती हातमोजे माझ्यापुढे ठेवलेत, कारण बोटांच्या घामातले क्षार राहिले तर भट्टीत नेमक्या त्या जागी क्वार्ट्‌झ पांढुरके पडते आणि तडकू शकते.

निवृत्तीनंतर, ओळखदेख नसलेल्या मुलीच्या कामात कोणी इतके मन घालावे, याचे मला अजूनही भरून येते. हाती आलेली वस्तू कोणाची आहे हे न पाहता ती नीट करून देणारी माणसे आहेत, म्हणून आमच्यासारख्यांचे संशोधन तग धरून आहे. त्यांची नावे मात्र शोधनिबंधांत क्वचितच छापली जातात.

त्या नळीतल्या एका स्फटिकाची मोजणी झाली. 7.2 केल्विनच्या आसपास त्याचा विद्युतरोध शून्यावर आला, म्हणजे स्फटिक उत्तम आहे. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात आपले नाव मार्गदर्शकांच्या नावाशेजारी लिहिले आहे. ते काढायला सांगू नये, ही नम्र विनंती.

आपली कृतज्ञ,
एक संशोधक विद्यार्थिनी