धातू कोणी केला, तेही छापा

संपादक महोदय,

शिकागोत उभारलेल्या जगातल्या पहिल्या अणुभट्टीवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख काल वाचला. ती उभारणारे शास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांच्यावर पानभर मजकूर आहे, तो असायलाच हवा. पण ‘शुद्ध युरेनियम आणून ग्रॅफाइटच्या विटांमध्ये रचले’ एवढ्या एका वाक्यात लेखक पुढे निघून जातात, याचा मला फार राग आला. आणले कुठून? १९४१ साली अमेरिकेत शुद्ध युरेनियम धातू ग्रॅमवर मोजावा इतकाच होता, आणि भट्टीला तर तो टनांनी हवा होता.

सेंट लुईसच्या मॅलिंक्रॉट कंपनीने ईथर वापरून युरेनियमचे ऑक्साइड शुद्ध करून दिले. त्याचा धातू मात्र आयोवातल्या एम्स गावच्या कॉलेजात झाला. फ्रँक स्पेडिंग आणि हार्ले विल्हेल्म या रसायनशास्त्रज्ञांनी त्यापासून केलेले हिरवे टेट्राफ्लोराइड (युरेनियम आणि फ्लोरीनचे संयुग) कॅल्शियममध्ये मिसळून, आतून चुन्याचा थर दिलेल्या बंद पोलादी भांड्यात तापवले. मळी वर तरंगली आणि जड युरेनियम तळाशी बसले. सप्टेंबर १९४२ मध्ये पाच किलोचा गोळा निघाला. पाच किलो म्हणजे जेमतेम फुलपात्रात मावेल एवढाच, इतका हा धातू जड! २ डिसेंबरला भट्टी सुरू झाली तेव्हा तिच्यातला एक तृतीयांश धातू, सुमारे दोन टन, एम्सचा होता. पुढे त्यांनी कॅल्शियमऐवजी मॅग्नेशियम घेतले. ते स्वस्त, शुद्ध आणि हवे तेवढे मिळणारे. त्यात उष्णता कमी सुटते, म्हणून भांडे आधी साध्या तापवायच्या भट्टीत चांगले तापवावे लागते. या रीतीने महायुद्ध संपेपर्यंत एम्सने हजार टनांहून जास्त युरेनियम तयार केले. ही कामगिरी एका वाक्यात उरकण्याजोगी आहे का?

मला हे इतके झोंबते त्याला कारण आहे. मी बी.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकवत असे. माझ्या एका विद्यार्थिनीने परीक्षेत मॅग्नेशियमची अभिक्रिया लिहिली, समीकरण संतुलित करून, आकृतीसह. नमुना उत्तरात कॅल्शियम होते, म्हणून तिला शून्य मिळाले. दोन्ही उत्तरे बरोबर होती! मी तीन पत्रे लिहिली, पुनर्मूल्यांकनाची फी तिच्या वडिलांनी भरली, गुण बदलले नाहीत. तिचा प्रथम वर्ग दोन गुणांनी हुकला. मुलगी वर्गात रडली नाही, पण त्यानंतर तिने मला कधी प्रश्न विचारला नाही. धातू कसा निघतो हे तपासणाऱ्याला माहीत नव्हते, आणि माहीत करून घ्यावेसे वाटलेही नाही. आपल्या लेखातले ते वाक्य वाचताना मला तीच उत्तरपत्रिका आठवली.

आणि आयोवाचे राहू द्या, आपल्या मुंबईतल्या तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) अणुऊर्जा केंद्रात जानेवारी १९५९ मध्ये अणुभट्टीच्या शुद्धतेचा पहिला युरेनियम गोळा निघाला. तिथल्या धातुशास्त्र विभागाचे प्रमुख ब्रह्म प्रकाश यांचे नाव आपल्या पुरवणीत मी आजवर वाचलेले नाही. त्यांच्यावर लेख घ्या, ही विनंती.

जाता जाता, रविवारची पुरवणी आमच्याकडे सोमवारी दुपारी येते. वितरकाला चारदा सांगून झाले. आता आपणच लक्ष घाला.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, मिरज