मनगटाचं काय ते खरं सांग

सोन्या,

काल तू फोन कट केलास आणि मी अर्धा तास ओट्यापाशीच उभी होते. ओरडायला नको होतं मी. पण तू हसत हसत सांगतोस, थोडं मनगट दुखतंय आई, महिना झाला. महिना म्हणजे थोडं कसं रे? असो, या पत्रात मनगटाचं नाव काढायचं नाही असं ठरवून बसलेय.

इथं सोलापुरात गड्ड्याची जत्रा सुरू झालीय, गर्दी विचारू नको. पप्पांनी परवा माळ्यावरून तुझा जुना कीबोर्ड काढून पुसला, अजून वाजतो. पुठ्ठे पण आहेत. कीबोर्ड 61 पट्ट्यांचा, पियानोला 88, मग पप्पांनी चादरीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर स्केलपट्टीने उरलेल्या 27 काढून दोन्ही बाजूला चिकटवल्या होत्या, आणि वाजवताना तुझा हात तिकडं गेला की आवाज बंद, तुझं मात्र मान हलवत चालूच. शेजारच्या काकू म्हणायच्या पोरगं अर्धंच गाणं वाजवतंय. आज्जी म्हणायची, त्याला ऐकू येतंय ना, मग झालं की.

तेव्हा दुखायचं नाही तुझं काही. किंवा दुखत असेल, तू तेव्हाही सांगायचा नाहीसच, ग्रेडच्या परीक्षेला हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाताना ताप होता ते दौंड गेल्यावर कळलं मला.

शोपँच्या ओपस 10 मधला तो दुसरा एट्यूड, बोटांच्या सरावाचा तुकडा, किती तास घोटायलास? तूच सांगितलंस ना की त्यात उजव्या हाताची शेवटची तीन, मुळातच अशक्त बोटं पळवायची असतात. मी रात्री मोबाइलवर वाचत बसते (वाचू नको म्हणालास तरी). तो संगीतकार शुमान, त्याचा उजवा हात तरुणपणीच दुखावला, पियानिस्ट व्हायचं राहिलं. तो अमेरिकेतला पियानिस्ट फ्लायशर, 1964 च्या सुमाराला त्याची उजव्या हाताची दोन बोटं आपोआप आत वळायला लागली, मग पुढं तीसेक वर्षं बहुतेक डाव्या हाताचंच वाजवलं. रॅव्हेलने नुसत्या डाव्या हातासाठी लिहिलेला पियानोचा कॉन्चेर्तो पण ऐकला मी, सुंदर आहे, पण निम्म्यातच बंद केला. डॉक्टरला दाखव. गोळी घेऊन वाजवणं म्हणजे बरं होणं नाही, आणि सरांना सांगायला लाज कसली, एवढा मोठा झालास तरी

बघ, लागले बोलायला. सॉरी. पप्पा नुसतं एवढंच म्हणाले, माग बरा, धागा तुटला की आपला आपण थांबतो.

वॉर्सातल्या त्या चर्चचा फोटो मिळाला, खांबात शोपँचं काळीज ठेवलंय तो. पप्पांनी लूमवर सगळ्यांना दाखवला, माझा मुलगा तिथं शिकतो म्हणून. मी मात्र वय मोजलं, 39 व्या वर्षी गेला बिचारा. फोटोत तुझा उजवा हात खिशात होता. थंडीमुळेच ना?

पार्सल टाकलंय. शेंगाचटणी दोन पाकिटं, एक सरांना दे, तिखट आहे हे आधी सांग. कडक भाकरी रुमालात बांधलीय, फुटली असेल वाटेत तर बरंच, नाहीतर डाव्या हाताने चुर.

आई