बंदोबस्ताशिवाय

नाशिक,
मंगळवार

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

रविवारी मी फोनवर आवाज चढवला आणि तू फोन ठेवलास, याबद्दल माझी तक्रार नाही. तुझ्या जागी मी असतो तर आणखी आधी ठेवला असता. परंतु सांगायचे होते ते राहूनच गेले, म्हणून हे पत्र. आई म्हणते, ती आता नगरपरिषदेची मुख्याधिकारी आहे, तिला शिकवू नका. शिकवणार नाही, जन्मभर कोर्टात बेलिफाची, म्हणजे समन्स-वॉरंट बजावण्याची, नोकरी केलेल्या माणसाने मुख्याधिकाऱ्याला काय शिकवावे?

अतिक्रमण हटवतानाचा तुझा वर्तमानपत्रातला फोटो मी कापून ठेवला आहे. खोटे कशाला बोलू, सकाळी गोदाघाटावर फिरायला जाताना तो खिशात घालून नेला होता, आणि मंडळींनी त्यावर माझ्याकडून चहाही वसूल केला. पण त्या फोटोत तू आहेस, जेसीबी आहे, वाकलेली पत्र्याची टपरी आहे, भोवती पन्नास माणसे आहेत आणि खाकी कपड्यातले कोणीही दिसत नाही. बंदोबस्त होता की नव्हता, एवढेच मी विचारत होतो.

नगरपरिषदेचा बंब तुझा, त्याचा ड्रायव्हर तुझा. ठाण्याचे निरीक्षक मात्र पोलीस अधीक्षकांच्या हुकमात, आणि न्यायालय तर कोणाच्याच हुकमात नाही. गावातल्या लोकांना हा फरक दिसत नाही; चोरी झाली, दाव्यात तारीख पडली किंवा गवताची गंजी पेटली, तरी ते तुझ्याच दालनात येतात. त्यामुळे जे आपल्या हाताखाली नाहीत त्यांच्याकडून काम करून घ्यायचे, तर ते कागदानेच होते. बंदोबस्ताचे पत्र आठ दिवस आधी द्यावे, त्यात महिला पोलिसांची गरज स्वतंत्र लिहावी, आवक क्रमांकासह पोच घ्यावी आणि एक प्रत तहसीलदारांना द्यावी, कारण जमाव बिघडला तर कार्यकारी दंडाधिकारी तेच आहेत. तोंडी “पाठवतो माणसे” याला काही अर्थ नसतो; त्याच दिवशी कोणाचा तरी दौरा निघतो आणि माणसे तिकडे जातात. अशा वेळी जेसीबी परत पाठवावा. त्यात कमीपणा नाही.

हे व्याख्यान झाले, मला कळते. पण कोर्टाविषयी दोन गोष्टी सांगतोच, कारण तेवढाच माझा अधिकार आहे. तुमची नोटीस मिळाली की समोरचा मनुष्य पहिल्यांदा मनाई हुकमासाठी धावतो, म्हणून कॅव्हेट, म्हणजे आमचे ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये असा अर्ज, आधीच दाखल असावे; ते ९० दिवस चालते, आणि कार्यालयात त्याची आठवण बहुधा एक्क्याण्णवाव्या दिवशी होते. दुसरे असे की, दाव्याचे समन्स आले की लेखी कैफियत ३० दिवसांत, फार तर ९० दिवसांत गेली पाहिजे, नाहीतर ‘नो डब्ल्यूएस’, म्हणजे कैफियतीविना दावा पुढे चालवण्याचा हुकूम, होऊन बसते आणि मग तुमच्या वकिलांना विलंब माफीचे अर्ज करत फिरावे लागते. मी स्वतः बजावलेली समन्से आवक-जावकच्या टेबलावर चहाच्या कपाखाली पाहिली आहेत. न्यायाधीश कितीही सज्जन असले तरी त्यांना भेटून प्रकरण समजावून सांगण्याचा मोह मात्र धरू नकोस. न्यायपालिका कार्यपालिकेपासून वेगळी ठेवावी, असे संविधानाच्या ५० व्या अनुच्छेदात सांगितले आहे, आणि छोट्या गावात ते पाळणे अधिक अवघड असते, कारण तिथे दोघांचाही भाजीवाला एकच असतो.

बंबाविषयी बंडूमामा मला लिहू देत नव्हता. म्हणाला, मीच तिला फोन करतो. शिंगाडा तलावाच्या अग्निशमन केंद्रावर आयुष्य काढलेल्या माणसाचे म्हणणे एवढेच की, धुतलेला बंब भरलेला असतोच असे नाही. झाडांना पाणी घालायला आणि पाहुण्यांच्या आधी रस्ते धुवायला जी गाडी जाते, तीच रिकामी येऊन उभी राहते आणि रात्री आगीचा फोन आला की टाकीत पाणी नसते. टाकी भरल्याशिवाय गाडी जागेवर लावायची नाही, असा लेखी हुकूम काढ. २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतींच्या मालकांनी जानेवारीत आणि जुलैत जी प्रमाणपत्रे द्यायची असतात, त्यांची फाईलही एकदा स्वतः उघडून पाहा. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन, १९४४ साली मुंबईच्या गोदीतील स्फोटात ६६ अग्निशामक जवान गेले त्या स्मरणाचा. आणि त्याच दिवशी तुमच्याकडे जयंतीची मिरवणूक असणार. बंब मिरवणुकीच्या मागे अडकू नये म्हणून तो कुठे उभा करायचा, हे निरीक्षकांबरोबर आधीच ठरव.

जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या आगी मामाने तुला जेवताना पुष्कळदा सांगितल्या आहेत: गल्लीत गाडी शिरत नाही, होजला होज जोडत जावे लागते, आणि उशीर झाला म्हणून लोक आगीवरचा राग बंबवाल्यांवर काढतात. म्हणून बंब निघतानाच ठाण्याला फोन गेला पाहिजे. आग लागली की तू धावत जाशील हे मला ठाऊक आहे. जा, पण एकटी जाऊ नकोस. पुन्हा तेच आले, पाहा.

यशवंत सोनवणे यांचे नाव मी या पत्रात काढणार नव्हतो. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी, म्हणजे तुझ्यापेक्षा किती तरी मोठा अधिकारी. २५ जानेवारी २०११ रोजी, भर दिवसा, आपल्याच जिल्ह्यात मनमाडजवळ इंधनात भेसळ करणाऱ्यांनी त्यांना जिवंत जाळले. वाटेने जाताना टँकर दिसले म्हणून ते थांबले होते. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे झेंडावंदन होते, आणि राष्ट्रगीत झाल्यावर जिलेबीच्या पुड्यांकडे कोणी हात नेला नाही. तू नववीत होतीस. घरी आल्यावर तू विचारलेस, “आप्पा, त्यांच्याबरोबर पोलीस का नव्हते?” मी उत्तर दिले नाही. त्याच वर्षी तू अधिकारी होणार असे म्हणू लागलीस. आई कौतुकाने ऐकायची, मी पेपर तोंडासमोर धरायचो.

आता एक गोष्ट लिहून टाकतो. तू दुसरीत असताना माझ्या डोक्याला सात टाके पडले होते आणि लूनावरून पडलो असे मी सांगितले होते. ते खोटे होते. २००३ चा सिंहस्थ चालू होता, सगळे पोलीस रामकुंड आणि तपोवनाकडे. माझ्या हातात एका वाड्यातल्या दोन खोल्या रिकाम्या करून ताब्यात देण्याचे कोर्टाचे ताबा वॉरंट होते, दरखास्तदाराने, म्हणजे ताबा मागणाऱ्या पक्षाने, बंदोबस्ताचे पैसे भरले होते, पण माणसे मिळाली नाहीत. नाझर, म्हणजे आम्हा बेलिफांचे साहेब, म्हणाले, “बंदोबस्ताअभावी ताबा देता आला नाही, असा अहवाल लिही आणि वॉरंट परत कर.” ते एक वाक्य लिहायला मला कमीपणा वाटला. एक पंच घेऊन मी गेलो. वरच्या माडीवरून वरवंटा आला. तो कोणी टाकला ते मी पाहिले नाही, आणि अहवालातही लिहिले नाही. कारण ज्यांची चूल विझवून भांडी रस्त्यावर ठेवायला मी गेलो होतो, त्यांचा राग मला तेव्हाही चुकीचा वाटला नव्हता. तुझ्या फोटोतल्या त्या टपरीवाल्याचाही वाटत नाही.

सरकारी कामात अडथळ्याचे आमचे दंड संहितेचे कलम ३५३, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत १३२ झाले, असे वकिलांकडून कळले. कलम नंतर लागते. वरवंटा आधी लागतो.

तुला हट्टी म्हणालो, ते मागे घेतो. तो हट्ट कोणाकडून आला हे आईने रविवारी रात्रीच मला ऐकवले आहे. तुझ्या जागी दुसरा कोणी असता तर ती जागा अजून तशीच असती, हेही मला कळते, आणि घाटावर मी तेच सांगितले.

बंडूमामा शनिवारी फोन करील, उचल. आईने भाजणी दळून ठेवली आहे, एसटीच्या पार्सलने पाठवतो. काल भिंग घेऊन तो फोटो पुन्हा पाहिला. उजव्या कोपऱ्यात, जेसीबीच्या मागे, एका टोपीचा थोडासा भाग दिसतो. तो पोलीस आहे की रसवंतीवाला, एवढे कळव.

तुझा,
आप्पा