आधी सही द्या, मग वर्गणी

सर्व वाडीकर, मुंबईकर मंडळी, माहेरवाशिणी आणि हितचिंतक यांना वाडी विकास मंडळाचा सप्रेम नमस्कार.

या वर्षी मंडळ आपल्याकडे दोन गोष्टी मागत आहे. झऱ्याच्या माथ्यावर जी सामाईक जमीन आहे तिथे झाडं लावायला तुमची संमती, आणि ती झाडं तीन उन्हाळे जगवायला व विहीर नीट ठेवायला वर्गणी. क्रम मुद्दाम असा लावला आहे. वर्गणी आज ना उद्या जमेल. सह्या मिळाल्या नाहीत तर जमलेली वर्गणीही बँकेत पडून राहील.

आपल्या राजापूर तालुक्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. या हिशेबाने शंभर चौरस मीटरच्या कौलारू छपरावरून एका पावसाळ्यात तीन लाख लिटरच्या वर पाणी पागोळ्यांनी अंगणात उतरतं. आणि त्याच घरातली सून मे महिन्यात टँकरच्या पाइपाखाली हंडा धरून उभी असते. पावसाची तक्रार करायला जागाच नाही. पडलेलं पाणी उताराला लागतं, पऱ्यात जातं, पऱ्यातून वहाळाला आणि वहाळातून खाडीला. जमिनीत उतरायला त्याला सवडच मिळत नाही.

आपली विहीर जिथे आहे ती जागा जुन्या लोकांनी उगाच निवडलेली नाही. वरचा सडा, म्हणजे माथ्यावरचा सपाट कातळ, जांभ्याचा. जांभा भोकाभोकांचा, खाचाभेगांचा दगड, त्यामुळे पाणी त्यातून झिरपत खाली जातं. खाली चिकणमातीचा थर लागला की अडतं, आडवं सरकतं आणि सड्याच्या काठाखाली झरा होऊन बाहेर पडतं. त्या झऱ्यावर विहीर बांधली. म्हणजे विहिरीचं पाणी विहिरीत तयार होत नाही, ते वरच्या उतारावर तयार होतं. उतारावर झाडी, झुडूप, पाल्यापाचोळ्याचा जाड थर असेल तर पावसाचा वेग मोडतो आणि पाणी मुरतं. उतार उघडा असेल तर लाल गढूळ लोंढा येतो, वरची माती घेऊन खाली खाचरात टाकतो आणि पुढे जातो.

उतार उघडा का पडला, हे सगळ्यांना माहीत आहे. कोळशासाठी तोड झाली, सरपणासाठी झाली, ठेकेदाराला उभं रान विकून झालं. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली. काजू-आंब्याने अनेक घरांत पैसा आणला, पोरं शिकली, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण कलमांसाठी डोंगर साफ करताना आईन गेले, किंजळ गेले आणि कलमांखालची जमीन आपण दर वर्षी बेणून स्वच्छ, म्हणजे पाण्याच्या दृष्टीने उघडी, ठेवतो. उरलंसुरलं शिमग्याच्या आसपास वणव्यात जातं.

आता सहीबद्दल, कारण खरी अडचण तिथे आहे. झऱ्याच्या माथ्यावरच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर तीस-पस्तीस नावं आहेत. काहींच्या आजोबांचं नाव अजून तसंच आहे, वारस नोंद झालेली नाही. कोणी विरारला, कोणी डोंबिवलीला, कोणी सुरतेला, आणि दोन भावांचं आपसात बोलणं नाही. भाऊबंदकीत मंडळ पडणार नाही. हिस्से कोणाचे किती, हे आम्ही विचारणारही नाही. संमतीपत्रात एवढंच लिहिलं आहे की या जागेत मंडळाला झाडं लावू द्या, गडगा, म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण, घालू द्या आणि राखण करू द्या. मालकी जिथल्या तिथे राहील. फळ, बी, बांबू, जे काही उत्पन्न निघेल ते जमीनमालकांचं.

लोक धास्तावतात ते वेगळ्याच गोष्टीला, आणि ती धास्ती पोकळ नाही. खासगी वने संपादन कायद्याच्या नोंदी सातबाऱ्यावर चढल्या आणि कोकणात कितीतरी कुटुंबांना कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. ‘झाडं लावली की उद्या जमीन वनखात्याची’ हे वाक्य प्रत्येक बैठकीत ऐकू येतं. त्या कायद्याने संपादन झालं ते ३० ऑगस्ट १९७५ या दिवशी जी जमीन खासगी वन होती तिचं. आज लावलेल्या झाडाने तो मागे जाऊन लागू होत नाही. दुसरी शंका तोडीच्या परवानगीची. आईन, किंजळ, जांभूळ, हिरडा ही झाडतोडीच्या कायद्याच्या अनुसूचीतली झाडं आहेत, उद्या तोडायची झाली तर परवानगी लागते. हे खरं आहे आणि ते आम्ही लपवणार नाही. म्हणून ही झाडं फक्त झऱ्याच्या वरच्या पट्ट्यात लावायची. ती तोडण्यासाठी लावायचीच नाहीत. बाकी जागेत कोकम आणि बांबू, म्हणजे मालकाच्या हाती चार पैसे येतील.

कोकमाची कलमंच घेणार आहोत. रोपं स्वस्त पडतात, पण बियांपासून केलेल्या कोकमात निम्मी झाडं नर निघतात आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात. तोवर माणूस पाणी घालतो आणि रातांबे मात्र लागत नाहीत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेली ‘कोकण अमृता’ ही जात रोपवाटिकांत मिळते, तीच घ्यायची.

रानझाडांचं बी देवराईतलं. त्यासाठी देवळात गाऱ्हाणं घालून परवानगी घेतली. देवराईतली काडी घरात नेत नाहीत, पण बी गावाच्याच पाण्यासाठी चाललंय म्हटल्यावर मानकऱ्यांनी हरकत घेतली नाही. बिबल्याच्या चपट्या गोल शेंगा, आईनाची पंख असलेली फळं, बेहड्याचे टणक आठोळे असं सगळं बायकांनी टोपल्यांत गोळा केलं आहे. बेहडा शेणकाल्यात भिजवून मग पिशवीत घातला, नाहीतर तो उगवायला फार छळतो. जांभळाच्या बियांना थांबवता येत नाही, वाळल्या की मेल्या, म्हणून त्या खाल्ल्या दिवशीच पिशवीत. मुलांना हे काम सांगायची गरजच पडली नाही.

सुचवण्या पुष्कळ येतात, त्यातल्या दोन आम्ही नाकारल्या आहेत. एक, ऑस्ट्रेलियन बाभूळ. ती भराभर वाढते, गुरं तोंड लावत नाहीत, सगळं मान्य. पण तिचा पाला लवकर कुजत नाही आणि तिच्याखाली आपलं रान उगवायला मागत नाही. दुसरी, ‘सड्यावर एवढा मोकळा कातळ पडलाय, तिथे लावा की!’ सड्यावर माती बोटभर. पावसाळ्यात तिथे गवत आणि सीतेच्या आसवांसारखी इवली फुलं येतात, गुरं चरतात, आणि तोच कातळ पाणी आत घेतो. शिवाय बारसू, देवाचे गोठणे इथल्या सड्यांवरची कातळशिल्पं साऱ्या जगाला कळली आहेत. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. आपल्याही सड्यावर मातीखाली काय आहे कोण जाणे. तिथे जेसीबी चढणार नाही आणि पहारही नाही.

लावणं सोपं आहे. मिरग लागला की एका रविवारात होईल, फोटोही चांगले येतील. पैसा लागतो तो त्यानंतर. भात कापून झालं की गुरं मोकाट सुटतात, म्हणून ढासळलेला गडगा पुन्हा रचायचा आहे. माघात गवत वाळलं की सभोवार जाळरेषा काढावी लागते आणि वणव्याच्या दिवसांत संध्याकाळी फिरणारा एक राखणदार लागतो. रोपाच्या बुडाशी पाल्याचं आच्छादन, मेलेल्या रोपाच्या जागी दुसरं रोप, पहिल्या दोन उन्हाळ्यांत पाणी. हे सगळं धरून एका झाडामागे तीन वर्षांचे सातशे रुपये मंडळाने ठरवले आहेत. मजुरी वाडीतल्या बचत गटातल्या बायकांना आणि गडगा रचणाऱ्या दोन जुन्या गड्यांना जाईल. त्या गड्यांचे हात चालताहेत तोवर दोन-चार पोरांनी त्यांच्या हाताखाली शिकून घ्यावं, अशीही इच्छा आहे.

झाडांना पाणी वहाळावरच्या बंधाऱ्यातून. पाऊस ओसरला की वहाळ वाहता असतानाच सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून, तोंडं शिवून, विटांच्या सांध्यासारखे सांधे चुकवत थर रचायचे. हाच वनराई बंधारा. त्याच्यामागे तुंबलेलं पाणी आजूबाजूच्या विहिरींनाही आधार देतं. यासाठी पैसे नकोत, गोण्या हव्यात. ज्यांची बांधकामाची कामं चालू आहेत त्यांनी रिकाम्या गोण्या टाकून न देता गठ्ठा बांधून एसटीने किंवा गावी येणाऱ्याबरोबर पाठवाव्यात. फाटक्या चालणार नाहीत.

उरलं विहिरीचं. पाणी असणं आणि पाणी पिण्याजोगं असणं यांत फरक आहे, तो जून-जुलैत जुलाबाचे पेशंट वाढले की आठवतो. जांभ्यातून पाणी जसं लवकर झिरपतं तशी घाणही झिरपते. शौचालयाचा खड्डा विहिरीपासून पन्नास फूट दूर असावा असं सांगतात. भेगाळ जांभ्यात तेवढंही अंतर पुरेल याची खात्री नाही, म्हणून विहिरीच्या वरच्या अंगाला नवा खड्डा कोणी घेऊ नये ही हात जोडून विनंती. विहिरीचा गाळ काढायचा आहे, कठडा आणि ओटा नीट करायचा आहे. ओट्याचं सांडपाणी पुन्हा विहिरीकडेच वळतं, ते नळी टाकून खाली माडांच्या अळ्यांत सोडायचं आहे. कपडे धुण्याची जागा वेगळी हवी.

आणि ब्लीचिंग पावडर. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ते सुमारे ३७ हजार ७०० लिटर भरतं. आषाढात पाणी कठड्याला लागलं की तेच दुप्पट होतं, पावडर मात्र तीच मूठभर पडते. यापुढे काठी टाकून पाण्याची खोली मोजायची, हिशेब करायचा, पावडर बादलीत कालवून वरची निवळी तेवढी विहिरीत सोडायची. तासाभराने तपासणीचे थेंब टाकून पाणी पिवळं होतं का पाहायचं. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसलं पाहिजे. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचं किट वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. आपल्या वाडीतून नावं द्यायची आहेत. ज्यांना महिन्यातून एक सकाळ देता येईल त्यांनीच नाव द्यावं, सरपंचांना बरं वाटावं म्हणून नको.

वर्गणी फक्त मंडळाच्या बँक खात्यावर घ्यायची, रोख नाही. खाते क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला आहे आणि मुंबई शाखेच्या खजिनदारांकडे आहे. व्हॉट्सअॅपवर फिरत आलेल्या कोणत्याही क्यूआर कोडवर पैसे पाठवू नका, मंडळ तसा कोड काढणार नाही. प्रत्येकाला पावती मिळेल. हिशेब शिमग्याला पालखी घरं घेऊन सहाणेच्या चौथऱ्यावर आली की सगळ्यांसमोर वाचला जाईल, आणि किती झाडं मेली तेही त्यातच. देणगीदाराच्या नावाची पाटी झाडाला ठोकली जाणार नाही. खिळ्याने झाड सडतं, आणि पाट्या वाचायला तिथे कोणी जातही नाही.

संमतीपत्राचा कागद गणपतीच्या सुट्टीत घरोघर येईल. ज्यांना येणं जमणार नाही त्यांनी मुंबई शाखेकडून मागवून, सही करून, आधार कार्डाच्या प्रतीसह परत पाठवावा. वारस नोंद राहिली असेल तर तलाठ्याकडचे कागद जमवायला मंडळाचा माणूस बरोबर येईल, खर्च ज्याचा त्याचा. बंधाऱ्याचं श्रमदान भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, वहाळाच्या कोंडीपाशी. चहा-भाकरी मंडळाची. फावडी-घमेली आहेत, हातमोजे आपापले आणावेत.