सौर पॅनेलआधी पन्हळ

दाभोळ खाडीकाठ, ता. दापोली
दि. १८ फेब्रुवारी

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. मुंबईतल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून आपली शाळा पर्यावरणपूरक करण्याचे मनावर घेतले आहे, हे वाचून आनंद झाला. छपरावर सौर पॅनेल आणि ५ जूनला आवारात शंभर रोपे, असा तुमचा बेत दिसतो. व्यवस्थापन समितीवर असल्यामुळे शाळेचे रोजचे रडगाणे मला ठाऊक आहे, म्हणून स्पष्टच लिहितो: पैसे आधी पाण्यावर घालावेत, बाकीचे मागाहून.

शाळेला वीज लागते ती चार पंखे, दिवे आणि एका संगणकापुरती. ऊन कडक असते त्या मे महिन्यात शाळेला सुट्टी असते आणि वीज सारखी जाते त्या जुलैत आभाळ भरलेले असते. शिवाय ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात कौले उडाल्यावर जे पत्रे घातले, त्यांच्या हुकांना खाऱ्या वाऱ्याने आताच गंज चढला आहे. त्यावर पॅनेलचे ओझे चढवण्यापूर्वी सगळे छप्पर तपासून घ्यावे लागेल.

पाण्याची गोष्ट मात्र निराळी आहे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरी मार्च उजाडला की विहिरीचा तळ दिसू लागतो आणि एप्रिलात उरलेले पाणी मचूळ लागते, कारण आपला जांभा दगड चाळणीसारखा असून मुरलेले पाणी बघता बघता खाडीला जाऊन मिळते. म्हणून नुसते विहीर पुनर्भरण करून भागणार नाही, साठवणच हवी. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. शाळेचे छप्पर दीडशे चौरस मीटर धरले, तर साडेचार लाख लिटर पाणी दरवर्षी आपल्या डोळ्यांदेखत अंगणातून वाहून जाते. त्यातले वीस हजार लिटर फेरोसिमेंटच्या, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंट थापून केलेल्या टाकीत धरले, तर साठ मुलांना पिण्यासाठी आणि हात धुण्यासाठी प्रत्येकी तीन लिटर या हिशेबाने ते शंभराहून अधिक दिवस पुरेल, म्हणजे जानेवारीत टाकी उघडली तरी सुट्टी लागेपर्यंत चिंता नाही. पन्हळी बसवाव्यात, पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडून द्यावे, पुढचे वाळू, खडी आणि कोळशाच्या गाळणीतून टाकीत घ्यावे आणि पिण्याचे तेवढे उकळावे. मग विहिरीचे पाणी शौचालयाला उरेल. सध्या उन्हाळ्यात तिथे बादली रिकामी असते आणि मोठ्या मुली दुपारीच घरी निघून जातात. हे एकदा तुमच्या बैठकीत कुणीतरी मोठ्याने सांगायला हवे.

रोपांना माझा विरोध नाही, पण शंभर कशाला? पावसाळाभर सगळीच तरारतात, मग उन्हाळ्यात पाणी कोण घालणार आणि गुरे कोण आवरणार? दहाच लावा, पण उंडी, करंज, बकुळ, सुरंगी, रातांबा अशी इथली लावा आणि प्रत्येकाला काट्यांचे कुंपण करा. ऑस्ट्रेलियन बाभूळ कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. तिच्या पातेऱ्याखाली, म्हणजे गळलेल्या वाळक्या पानांखाली, फारसे काही उगवत नाही.

पातेऱ्यावरून आठवले. अजूनही सकाळी आवार झाडून ढीग पेटवला जातो आणि प्रार्थनेच्या वेळी मुले खोकत उभी असतात. मागच्या बाजूला दोन खड्डे खणून एक भरेपर्यंत दुसऱ्यातले खत काढायचे, एवढेच करायचे आहे. त्यासाठी वर्गणीची गरज नाही. पोषण आहाराची भांडी धुतलेले पाणी अळू आणि केळीला वळवले आहे, तिथेच हे खत जाईल. प्लास्टिकचे मात्र अवघड आहे. राज्यात २०१८ पासून बंदी असल्यामुळे पिशव्या कमी झाल्या, पण वाढदिवसाच्या चॉकलेटांचे चकचकीत कागद भंगारवालाही नेत नाही. त्याऐवजी शेंगदाण्याची चिक्की आणावी, असे पालकसभेत सुचवले, तर निम्म्या आया माझ्यावरच रुसल्या.

टाकीचे काम येणारा गवंडी एप्रिलात मोकळा आहे, आणि मे महिन्यात ती पाणी मारून पक्की झाली तरच यंदाचा पाऊस हाती लागेल. तेव्हा मार्चच्या बैठकीत वरचा हिशेब मांड आणि पन्हळी व टाकीपुरती रक्कम आधी मंजूर करून घे. गवंड्याकडून लेखी अंदाजपत्रक आणून तुला आठवड्याभरात पाठवतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक